विहिरीतला दम आणि समुद्रातला श्वास

मंडळी, बदलापूर मागे टाकून बारवी धरणाच्या वाटेला लागले, की शेताच्या कडेला एखादी जुनी बांधीव विहीर अजूनही दिसते. अशाच एका विहिरीत मी पोहायला शिकलो. पाठीला रिकामा डबा बांधायचा, काठावर काकांनी दोराचे टोक धरायचे आणि मागून कोणीतरी ढकलून द्यायचे, ही आमची शाळा. डबा सुटला की मुटके आणि सूर. आणि त्यानंतरची परीक्षा म्हणजे तळ गाठण्याची. छातीत हवा भरून घ्यायची, डोके खाली करून बुडी मारायची आणि तळाची मूठभर माती घेऊन वर यायचे. काठावरचा एकजण मोठ्याने अंक मोजी. ज्याचे अंक जास्त, तो त्या दिवसाचा राजा. माती न आणता वर आलेल्यावर कोणी विश्वास ठेवीत नसे.

हे एवढ्यासाठी सांगितले, की पुढे पुष्कळ वर्षांनी मालवणच्या समुद्रात पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून मी खाली उतरलो, तेव्हा विहिरीत शिकलेली सर्वांत मोठी विद्या मला आधी विसरावी लागली. विहिरीत जो दम धरतो तो जिंकतो. सिलिंडर घेऊन उतरलेला माणूस वर येताना दम धरून बसला, तर तो जिवाला मुकेल. हे असे उलटे का, ते आज आपण पाहू. शिक्षक मंडळींना यात वर्गात सांगण्याजोगे दोन-तीन धडेही सापडतील.

लहानपणी आपल्यापैकी अनेकांनी एक खटपट केली असेल. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो तोंडात धरून, दुसरे टोक पाण्याबाहेर ठेवून बुडून बसायचे. डोके जेमतेम बुडाले तोवर जमते. पण हात-दीड हात खाली गेलात, की छाती फुगता फुगत नाही. नळीत हवा आहे, वाट मोकळी आहे, मग अडते कुठे? अडते ते छातीवर बसलेल्या पाण्याच्या भारामुळे. नळीतली हवा वरच्या दाबाची आणि छातीवरचा दाब खालचा. आपल्या बरगड्यांच्या स्नायूंत तो भार उचलण्याचे बळ नाही. म्हणून कितीही लांब नळी आणली तरी माणूस दहा मीटर खाली श्वास घेऊ शकणार नाही.

पाण्यात दर १० मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. जमिनीवर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतोच. १० मीटरवर तो दोन होतो, २० मीटरवर तीन. तेव्हा तिथे श्वास घ्यायचा तर हवाही तेवढ्याच दाबाने तोंडात आली पाहिजे. कमी नको, जास्तही नको.

हे कोडे १९४३ साली फ्रान्समध्ये दोघांनी मिळून सोडवले. एक होता जाक-इव्ह कुस्तो, नौदलातला अधिकारी. दुसरा एमिल गान्यॉ, गॅसच्या धंद्यातला इंजिनियर. महायुद्धाचे दिवस, पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवायला गान्यॉने एक झडप केली होती. इंजिनाने जेवढा गॅस ओढावा तेवढाच ती सोडी. कुस्तोला नेमके हेच हवे होते, फक्त इंजिनाच्या जागी माणसाची छाती. त्या झडपेत एक रबरी पडदा असतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला समुद्राचे पाणी टेकलेले. आपण श्वास ओढला की पडदा आत येतो, एक तरफ दाबली जाते आणि सिलिंडरमधली हवा बाहेरच्या पाण्याइतक्याच दाबाने तोंडात येते. ओढणे थांबले की हवा थांबते. सोडलेला श्वास बुडबुड्यांच्या रूपाने बाजूने निघून जातो. स्वतःच्या अंगावर बाळगायच्या अशा श्वसनयंत्राला पुढे स्कूबा हे नाव पडले.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. पेपरातसुद्धा पुष्कळदा छापून येते की पाणबुड्याच्या पाठीवर ऑक्सिजन होता. नव्हता. त्यात आपली साधी हवाच असते, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. निव्वळ ऑक्सिजन सहा-सात मीटरच्या खाली विषासारखा ठरतो आणि माणसाला झटके येऊ शकतात. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० पट दाबाने हवा कोंबली, की ती होते २,४०० लिटर. एक लिटर हवेचे वजन साधारण १.२ ग्रॅम. म्हणजे भरलेले सिलिंडर रिकाम्यापेक्षा जवळजवळ तीन किलोंनी जड. हवेला वजन असते हे मुलांना फुगा आणि काठी घेऊन पटवण्यापेक्षा हे गणित घालून पाहा. दुसरे गणित असे: जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर १० मीटर खाली ४० लिटर लागेल, कारण दाब दुप्पट. मग सिलिंडर किती वेळ पुरेल? साठ मिनिटे, असे मुले उत्तर देतील. शहाणा पाणबुड्या पाऊण तास म्हणेल. पाव भाग हवा हाताशी राखून वर यायचे, हा त्याचा नियम.

आता मालवणकडे वळू. आम्ही तीन शिक्षक आणि मी, रात्रीच्या कोकण रेल्वेने पनवेलहून निघालो आणि सकाळी कुडाळला उतरून मालवण गाठले. सिंधुदुर्ग किल्ला तुम्हांला ठाऊक आहेच. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. या किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ वाढते. १९८७ साली मालवणचा हा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जवळच तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची पाणबुडीविद्या शिकवणारी संस्था आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, पाणी गढूळ होते, म्हणून हा सारा व्यवहार साधारण ऑक्टोबर ते मे या काळातच चालतो.

नवख्याला प्रशिक्षक स्वतः धरून नेतो. पोहता येत नसले तरी चालते, हे ऐकून आमच्यातले गणिताचे गुरुजी खूश झाले. पण होडीत चढण्याआधी एक कागद भरून द्यावा लागतो: दमा आहे का, हृदयविकार, फिट, कानाचे ऑपरेशन, गरोदरपण, सर्दी. मंडळी, या कागदावर खोटे लिहू नका. पैसे भरलेत, गावाहून आलात, म्हणून दमा लपवलात तर फसगत प्रशिक्षकाची होत नाही.

मग खुणा शिकवतात, कारण खाली बोलता येत नाही. तर्जनी आणि अंगठ्याचे वर्तुळ म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे मला वर न्या. आमच्या गुरुजींनी पाण्यात पहिला मासा पाहिला आणि आनंदाने अंगठा वर केला. प्रशिक्षकाने इमानाने त्यांना उचलून होडीशी आणून सोडले. "अहो, मी झकास म्हणत होतो!" गुरुजी ओरडले. पुन्हा उतरले तेव्हा ते सबंध वेळ दोन्ही हातांनी वर्तुळे करीत होते.

माझे म्हणाल तर आयुष्यात न विसरण्यासारखा क्षण म्हणजे पहिला श्वास. मासे, प्रवाळ वगैरे मागाहून. डोके पाण्याखाली गेले, आणि पंचेचाळीस वर्षांच्या सवयीने माझी छाती आपोआप बंद झाली. तोंडात हवा तयार आहे हे डोक्याला माहीत; छातीला पटेना. मी मनात अंक मोजू लागलो, विहिरीत मोजायचे तसे. प्रशिक्षकाने माझ्या डोळ्यांसमोर हात धरून हळू हळू पुढे-मागे हलवला: घ्या, सोडा. शेवटी मी श्वास घेतला. खर्र असा आवाज झाला आणि हवा आली, कोरडी आणि गार. सोडला तसे बुडबुडे कानांजवळून खळखळत वर गेले. पाण्याखाली बसून मी श्वास घेत होतो! विहिरीच्या तळाशी असताना दर क्षणी वर जायची घाई असे. ती घाई एकाएकी नाहीशी झाली. त्या क्षणाचे वर्णन मला याहून बरे करता येत नाही.

दोन मीटरवर कान दुखू लागले. घाट उतरताना कानांत दडे बसतात, त्यातलाच प्रकार, पण जोरकस. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कान मोकळे होतात. दुखायच्या आधीच हे करायचे, आणि नाही सुटले तर तसेच खाली दामटायचे नाही.

सहा-सात मीटरवर आम्ही थांबलो. वाळूच्या पट्ट्यावर खडक, त्यावर प्रवाळाचे गोळे. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा अंगाभोवती फिरला. एका कपारीत गोबरा नुसता तोंड उघडमीट करीत बसला होता. बाजारात पाटीत पडलेला गोबरा आणि आपल्या घराच्या दारात बसलेला गोबरा यांत फार फरक आहे. माझा लाल सदरा मातकट दिसू लागला होता. पाणी लाल रंग आधी शोषून घेते. आणखी खोलवर कापले तर रक्तसुद्धा हिरवट दिसते. वस्तू पाण्यात आहेत त्यापेक्षा जवळ आणि मोठ्या दिसतात, म्हणून मच्छीमाराने सांगितलेल्या माशाच्या लांबीतून थोडे वजा करावे आणि पाणबुड्याने सांगितलेल्यातून थोडे जास्त. काही ठिकाणी पाहुण्यांची हौस म्हणून माशांना पाव चारतात. ते बरे नव्हे. माशाचे पोट पावासाठी नाही, आणि शेवाळ खाणारा मासा पावाला चटावला तर प्रवाळावरचे शेवाळ कोण साफ करणार?

आणि मग तो दुसरा क्षण आला, जो मला रात्री अजून आठवतो. माझ्या चष्म्याच्या कडेतून पाणी शिरले. डोळे चुरचुरले, नाकात पाणी गेले, आणि पंचेचाळीस वर्षांची सवय उसळून वर आली. मी छाती गच्च भरली, दम धरला आणि पाय मारून वर निघालो. वर उजेड दिसतच होता. प्रशिक्षकाने माझा पट्टा घट्ट पकडला, मला खाली ओढून धरले आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवीत बुडबुडे सोडले: श्वास सोडा, सोडा. मी त्या क्षणी त्याला मनातल्या मनात शिवी दिली. होडीत आल्यावर त्याचे पाय धरावेसे वाटले.

का ते पाहा. माझ्या छातीत सहा लिटर हवा मावते असे धरा. १० मीटर खाली मी सिलिंडरमधून ती भरून घेतली, तर ती दुप्पट दाबाची सहा लिटर हवा असते. दम धरून मी वर आलो, की दाब निम्मा होतो आणि तीच हवा बारा लिटर व्हायला पाहते. छाती काही बारा लिटरची होत नाही. फुप्फुस फाटते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जातात. आणि हे फार खोलवरच होते असे नाही. छाती पूर्ण भरलेली असेल तर सव्वा-दीड मीटर पाण्यातूनही असे झाले आहे. विहिरीत हे का होत नाही? कारण तिथे आपण वरची हवा घेऊन खाली जातो. ती खाली आकसते आणि वर आलो की फुगून पहिल्याइतकीच होते. आत हवा काठावरची, म्हणून हिशेब जुळतो. सिलिंडरची हवा खालची असते. सगळा फरक एवढाच.

वर्गात हे दाखवायला समुद्र नको. सुई नसलेली इंजेक्शनची पिचकारी घ्या, दट्ट्या अर्धा ओढून तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. हवा आकसते, सोडली की परत येते. ही झाली विहीर. आता दट्ट्या दाबून धरलेला असतानाच बोट क्षणभर काढून आणखी हवा आत भरता आली असती तर, असे मुलांना विचारा. उत्तर तीच देतील.

हळू वर येण्याचे आणखीही एक कारण आहे. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. गोटी सोड्याची बाटली बंद असेपर्यंत पाण्यासारखी शांत असते; गोटी दाबली की फसफसते. माणूस खोलवर बराच वेळ राहून झटकन वर आला, तर त्याच्या रक्ताचे तसेच होते. सांधे धरतात, क्वचित अर्धांग होतो. म्हणून मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचे नाही, वाटेत पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, आणि विमानात बसायचे असेल तर निदान बारा तास मध्ये जाऊ द्यायचे. आमच्या परतीच्या गाडीला ही अडचण नव्हती.

गावी परतलो तेव्हा पुतण्याने पहिला प्रश्न केला, "काका, तळाची माती आणलीत का?" म्हटले, नाही रे, तिथे तळाला हात लावायचा नसतो. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी जिवंत असते, बोट लागले तरी इजा होते. तो म्हणाला, "मग तुम्ही गेलात हे कशावरून?" त्याला तेव्हा दिलेले उत्तर त्याला पटले नाही. मात्र त्याच आठवड्यात तो आणि त्याचे मित्र विहिरीत एक नवीन युक्ती करताना मला दिसले: बुडी मारण्याआधी भराभर दहा-वीस मोठे श्वास घ्यायचे, म्हणजे दम जास्त टिकतो. शिक्षक मित्रांनो, ही युक्ती कुठे दिसली तर तिथल्या तिथे बंद करा. भराभर श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि वर जा असा इशारा तोच देतो. इशारा मिळत नाही, ऑक्सिजन संपतो, आणि पट्टीचा पोहणारा पोरगा पाण्याखाली बेशुद्ध होतो. धडपड नाही, आवाज नाही. काठावरचे अंक मोजतच राहतात.

आपल्या भागात पाण्याची कमतरता नाही. राजमाचीच्या डोंगराकडून उतरणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी करीत बदलापूरला येते. १९४९ साली कल्याणच्या निर्वासित छावणीचे गाव झाले, तेव्हा त्याला याच नदीवरून उल्हासनगर नाव मिळाले. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी उभे आहे. त्या वालधुनीचे पाणी आज असे आहे की तिच्यात हौसेने कोणी पाऊल घालणार नाही. कोंडेश्वरचा धबधबा, बारवीकडचे ओढे, नदीवरचे बंधारे, इथे पावसाळ्यात मुंबईपासूनची पोरे येतात, आणि बहुतेक पावसाळ्यात त्यांतली काही परत जात नाहीत.

पाणबुडे इथेही उतरतात, पण ते मासे पाहायला नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. गाडीत हजाराच्या वर उतारू होते. राष्ट्रीय आपत्ती दलाच्या बोटी आल्या, नौदलाने पाणबुड्यांची पथके पाठवली, आसपासच्या गावकऱ्यांनी हात दिला, आणि सगळे उतारू सुखरूप बाहेर आले. तो दिवस भाग्याचा. एरवी पाणबुड्याला बोलावणे येते ते सगळे संपल्यावर. गढूळ पाण्यात त्याला स्वतःचा हात दिसत नाही. कमरेला दोर, दोराचे टोक काठावरच्या सोबत्याच्या हातात. एक हिसका म्हणजे अमुक, दोन म्हणजे तमुक, हे आधी ठरलेले. दोर ताणून धरून तो तळाशी अर्धवर्तुळात चाचपडत फिरतो. मग सोबती दोर हातभर सोडतो, की पुढचे अर्धवर्तुळ. झाडाच्या फांद्या, तारा, दगडांच्या कपारी, सगळे हातानेच ओळखायचे. काठावर त्या मुलाची आई बसलेली असते.

म्हणून कोणी बुडताना दिसले तर, मंडळी, आधी आपण उडी टाकू नका. बुडणारा माणूस हाती येईल त्याला दाबून स्वतः वर येऊ पाहतो; एकामागे दोघे-तिघे जातात ते यामुळे. लांब बांबू पुढे करा, दोर टाका, दोर नसेल तर साडी किंवा धोतर टाका, घट्ट झाकणाचा तेलाचा रिकामा कॅन फेका. बाहेर काढल्यावर पालथे घालून पोटातले पाणी काढण्यात वेळ घालवू नका. पाणी पोटात गेल्याने माणूस मरत नाही, श्वास बंद झाल्याने मरतो. श्वास चालत नसेल तर नाक बंद करून तोंडाने दोन श्वास आत फुंका, मग छातीच्या मध्यभागी तीस वेळा जोराने दाबा, पुन्हा दोन श्वास, आणि हे थांबवू नका. दुसऱ्या कोणाला १०८ नंबर लावायला सांगा.

आमच्या विहिरीवर आता पन्नास हात दोर आणि ट्रकची एक फुगवलेली ट्यूब टांगलेली असते. पहिल्या वर्षी ट्यूब आठवड्यात नाहीशी झाली. पुतण्यानेच शोधून काढली, पोरांनी खेळायला नेली होती. मग ती आंब्याच्या वरच्या फांदीला, मोठ्या माणसाचा हात पोहोचेल आणि लहानाचा पोहोचणार नाही, अशी टांगली. दोराला मात्र कोणी हात लावीत नाही. त्याला दर दोन हातांवर गाठी मारल्या आहेत, कारण ओला नायलॉन हातातून निसटतो.